काठाच्या वर तीन पायऱ्या

४ एप्रिल, शुक्रवार

जळगावला शिकवणीचा आज पहिला दिवस झाला. घरांच्या छतांवर सोलरच्या पाट्या बसवायचं काम, म्हणजे तारा, नटबोल्ट, करंट असलं काही शिकवतील असं वाटलं होतं. पण सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसती शिडी. शिकवणाऱ्या शीतल मॅडम आमच्या लेकीच्या, मयुरीच्याच वयाच्या असतील. त्यांनी गोडाऊनच्या स्लॅबला शिडी लावली आणि एकेकाला चढवलं, उतरवलं.

माझ्याबरोबर गावचा झिपरू आहे. गप्प बसणाऱ्यातला तो नाही. म्हणाला, "मॅडम, आम्ही पाळण्यातून उतरलो ते शिडीवरच. काही नवं सांगा."

"चढलात ते बघितलं, काका," मॅडम म्हणाल्या. "आता वरून उतरून दाखवा."

झिपरू जिन्यावरून उतरावं तसा पुढे तोंड करून उतरायला लागला. दुसऱ्याच पायरीला शिडी सरकली. त्यानं स्लॅबची कड पकडली आणि आमच्याकडे बघून हसला, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

मग मॅडमनी सांगितलं ते मनात बसलं. शिडीच्या मधोमध माणूस सहसा पडत नाही. शिडी सोडून छतावर जाताना, किंवा छत सोडून शिडीवर येताना, त्या एका पावलात पडतो. कारण त्या वेळी हाताला धरायला काही नसतं. म्हणून शिडी छताच्या काठाच्या वर तीन पायऱ्या तरी उरली पाहिजे आणि वरून बांधलेली पाहिजे. तोंड कायम शिडीकडे. हातात ओझं नको.

परतीच्या एस.टी.त तेच डोक्यात फिरत होतं. चढताना पुढचं दिसतं. उतरताना पाय जिथे ठेवायचा तिथे डोळे नसतात. तरी माणूस पाय खाली सोडतो. आपण देवावर विश्वास विश्वास म्हणतो, तो याहून काय वेगळा असेल?

ही डायरीही मॅडमनीच दिली. काम लिहा, चुकलं तेही लिहा म्हणाल्या. एकोणपन्नासाव्या वर्षी लिहायला बसलोय. गावच्या शाळेत गुरुजींनी घोटवून घेतलेलं अक्षर अजून बरं आहे.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. दुपारी जन्म झाला, सुंठवडा घेऊन घरी आलो आणि सहज आपली शिडी बघत उभा राहिलो. आई हयात असताना तिला निसण म्हणायची.

आमचं घर धाब्याचं. लाकडी सऱ्या, वर मातीचं सपाट छत. पूर्वी घर एकच होतं. वाटणीत मधोमध भिंत घातली. उगवतीकडची बाजू मोठ्या भावाची, छगनभाऊची; मावळतीकडची माझी. खाली भिंत आहे, वर धाबं मात्र एकच आहे. त्याच्यावर भिंत कोण घालणार?

शिडीही एकच होती. वडिलांची, म्हणजे आबांची, चांगली लांब, सागाची. मारुतीच्या देवळाच्या कळसाला रंग द्यायला गाव ती मागून न्यायचं. वाटणीच्या दिवशी सगळ्या वस्तू जोडीच्या निघाल्या, शिडी तेवढी एकटी निघाली. भाऊ म्हणाला मी थोरला, मी म्हणालो माझ्याकडे गोठा. मग भाऊबंदांनी सुताराला बोलावलं आणि गल्लीतच ती मधोमध कापली. दोघांना सारखी. न्याय झाला असं सगळे म्हणाले आणि मलाही तसंच वाटलं होतं.

आज नीट बघितली. ओट्यावर उभी केली तर जेमतेम धाब्याच्या काठाला टेकते. काठाच्या वर काही नाही. शेवटच्या पायरीवर उभं राहून पोटावर रेलून वर जावं लागतं. इतकी वर्षं आम्ही असेच चढतोय. भाऊची शिडी तर माझ्याहून एक पायरी आखूड असेल, कारण खालची पायरी वाळवीनं खाल्ली म्हणून त्यांनी ती कापून टाकली.

भाऊशी बोलणं नाही. ते शिडीवरून नाही तुटलं. श्रावणात कानबाई देवी कोणाच्या दारी बसवायची यावरून शब्द वाढले. तेव्हापासून तो समोरून आला की मी आकाशाकडे बघतो, तो जमिनीकडे.

८ एप्रिल, मंगळवार

आज सकाळी मयुरीची आई बिबडे वाळत घालायला वर चढत होती. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, पहाटे चीक शिजवलेला. डोक्यावर पाटी, एका हातानं पाटी धरलेली, दुसऱ्या हातानं शिडी. मी खालून बघत होतो. लग्न झाल्यापासून बघतोय, पण आज पहिल्यांदा दिसलं. शेवटच्या पायरीवर ती उभी राहिली, पाटी धाब्यावर सरकवली, दोन्ही हात मातीवर टेकले आणि एक पाय उचलला. त्या घटकेला ती कशालाच धरून नव्हती.

मी पुढे होऊन शिडीचा पाय दाबून धरला.

ती खाली आल्यावर मी सांगितलं, उद्यापासून वर जायचं नाही. बिबडे अंगणात घाल.

"आंगनमा?" ती म्हणाली. "कोंबड्या टोचा मारतस, धूळ बसस. तुम्ही खाशात का ते?"

"खाईन."

"माले शिडी चढता येस. तुम्हनी मॅडमले सांगा."

मग चुलीकडे गेली. भाकरी थापताना हाताचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा येत होता.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. देवळात पहाटे गेलो. घरी मात्र सूतक पडल्यासारखं. मयुरीच्या आईनं चार दिवसांत माझ्याशी कामापुरतेच शब्द खर्च केले. बिबडे अंगणात खाटेवर घातलेत. खरंच धूळ बसते. मी एक खाल्ला आणि चांगला आहे म्हणालो. दातात कचकच झाली ती गिळली.

बाईमाणसाला वाळवणाचं एवढं वेड कशानं असतं? उन्हात वर दोन दोन तास बसायची. जाताना दोन पेले पाणी आणि चहाची किटली न्यायची. उन्हात तहान फार लागते म्हणायची. खाली यायची तेव्हा चेहरा उतरलेला असावा, तर उलट टवटवीत. मी म्हणायचो, हिला ऊन मानवतं.

१५ एप्रिल, मंगळवार

आज काम लवकर आटोपलं. घरी आलो तर अंगणात कोणी नाही आणि शिडी लावलेली. वरून बोलण्याचा आवाज येत होता. मी खाकरलो तसा आवाज थांबला.

"कोणाशी बोलत होतीस?"

"कोनशी? गाणं म्हनी ऱ्हायनू," वरून उत्तर आलं.

ती उतरायला लागली. पालथी होऊन पाय खाली सोडला आणि पायानं पायरी शोधायला लागली. पाय हवेत फिरत होता. मी धावत जाऊन शिडी धरली. ती खाली आल्यावर मी रागावलो, खूप रागावलो, तिला वाईट वाटेल असं बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "मयुरीना बाबा, मी वर जास. आज बी जासू, सकाय बी जासू. भ्या वाटस ना, ते शिडी चांगली आना."

विचार केला तर बरोबर होतं. मी पाय थांबवायला निघालो होतो. बदलायची होती शिडी.

१९ एप्रिल, शनिवार

नवी शिडी आली! ठेकेदाराच्या टेम्पोतून जळगावहून आणली. हलकी आहे, खाली रबराचे पाय आहेत. ओट्यावर नाही, सपाट जमिनीवर मांडली. भिंतीपासून किती लांब ठेवायची ते मॅडमनी सांगितलं तसं पाहिलं: शिडीच्या पायाशी पाय लावून सरळ उभं राहायचं, हात समोर पसरले की पायरी हातात आली पाहिजे. आली. वरती धाब्याच्या लाकडाला दोरानं दोन्ही बाजूंनी आवळून बांधली. काठाच्या वर तीन पायऱ्या उभ्या राहिल्या.

गल्ली गोळा झाली. झिपरू मला म्हणाला, "झुलाल, वर देवनाकडे जावानं शे का? अजून तीन पायऱ्या कशाला?"

कौतिक सुतारानं तर खरंच करवत आणली. "उगाच वर आलीय, भाऊ. सांग, आत्ता बराबर करी देस."

मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग मयुरीच्या आईला शिकवलं. दोन हात एक पाय, नाहीतर दोन पाय एक हात, तिन्ही कायम टेकलेले. वर गेलं की पुढे उडी नाही, बाजूला पाऊल टाकायचं, हात शिडीवरच. पाटी डोक्यावर नाही. दोराला बांधायची, आपण वर जाऊन ओढायची. ती आधी हसली. मग चढली, वर गेली, वरच्या पायऱ्या धरून परत शिडीवर आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. झोक्यावरच्या पोरीसारखी.

खाली आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"धराले शे," ती म्हणाली. एवढंच. पण बऱ्याच दिवसांनी माझ्या ताटात तिनं स्वतः तूप वाढलं.

२१ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी जेवताना मयुरीची आई म्हणाली, "आनि धुरपदाबाई?"

धुरपदाबाई म्हणजे वहिनी, छगनभाऊची बायको. मी म्हणालो, "त्यांचं काय?"

"त्यासनी शिडी आपली जुनीपेक्षा आखूड शे. वहिनीना गुडघा दुखतस. रोज चढतस त्या."

"त्यांची शिडी त्यांची. भाऊला डोळे आहेत."

"ती पडी गई ते?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. तुकडा बराच वेळ हातातच राहिला.

२४ एप्रिल, गुरुवार

आज एरंडोलच्या पुढे एका वाडीत काम होतं. घरमालक माझ्याच वयाचे, बादलभाऊ म्हणतात. दारात खाटेवर बसून आमचं काम बघत होते. आम्ही शिडी बांधत होतो तेव्हा म्हणाले, "बांधा, बांधा. बरं करता."

चहाच्या वेळी त्यांनी आपण होऊन सांगितलं. तुरीची दाळ वाळत घातली होती, ती आवरायला वर गेले. चढले नीट. आवरली नीट. उतरताना एक पाय शिडीवर आणि एक छतावर असताना शिडी बाजूला गेली. आता कमरेखाली जोर नाही. "ढग आलते ना," म्हणाले. "दाळ भिजाले नको."

सांगताना चेहऱ्यावर तक्रार नव्हती. नातवानं आणलेला चहा त्यांनी आधी आम्हाला दिला.

निघताना झिपरूनं शिडीचा दोर स्वतः नीट गुंडाळून घेतला.

मला राहून राहून एकच वाटतंय. महिन्याभरापूर्वी मला ठाऊक नव्हतं, तोवर माझ्याकडे काही लागत नव्हतं. आता ठाऊक आहे. भिंतीच्या पलीकडे एक आखूड शिडी आहे, दुखऱ्या गुडघ्याची बाई तिच्यावरून रोज चढते आणि ते ठाऊक असलेला माणूस भाऊबंदांत मी एकटा आहे. संध्याकाळी दिवा लावला, पण नामात मन लागलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

झिपरूला मधे घातलं. म्हटलं, भाऊला सांग, शिडी बदला, नाहीतर आमची वापरा, मी काही बोलणार नाही. झिपरू गेला आणि लगेच परत आला.

"काय म्हणाला?"

"सांगू का जसंना तसं?"

"सांग."

"म्हने, त्याले सांग, धाकलानं थोरलाले चालाले शिकाडानं नसतं. मन्ही शिडी माले सोडाव नही. आनि म्हने, इतला पुळका शे ते सोताना तोंडे सांगाले काय झायं? तोंडमा मूग शेतस का?"

झिपरूनं आवाजही भाऊसारखाच काढला. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. भाऊ तसाच बोलतो, अगदी तसाच. लहानपणी मला विहिरीत पोहायला ढकललं तेव्हाही असंच बोलला होता.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. मयुरी बोदवडहून माहेरी आली. खापरावरची पुरणपोळी, आमरस. पोरींनी लिंबाला झोके बांधले, गौराईची गाणी दिवसभर चालली. मयुरी दोन्ही घरांत जाते, तिला भिंत नाही. दुपारी मयुरी, तिची आई आणि कोणीतरी वर धाब्यावर खूप हसत होत्या. मी आडवा झालो होतो. खाली आल्यावर मी विचारलं एवढं काय झालं, तर मायलेकी एकमेकींकडे बघून म्हणाल्या, काही नाही. बायकांना आखाजीला कशाचंही हसू येतं.

सण चांगला झाला. देवाची कृपा.

६ मे, मंगळवार

आज वहिनी पडता पडता वाचल्या. मयुरीच्या आईनं सांगितलं. वरून उतरताना शिडी घसरली, त्यांनी धाब्याच्या सरीला मिठी मारली. कोपर सोलवटलं. हिला कसं कळलं विचारलं, तर म्हणाली आवाज आला.

जेवण झाल्यावर मी उठलो आणि भाऊच्या दारापर्यंत गेलो. दार उघडं होतं. भाऊ जेवत बसला होता, पाठ माझ्याकडे. मान थोडी वाकलीय त्याची आता. आबा अखेरीला असेच बसायचे. मी दोन वेळा तोंड उघडलं. मग वाटलं, जेवताना कशाला, घास अडकेल. आणि परत आलो.

मयुरीच्या आईनं मी कुठे गेलो होतो ते विचारलं नाही. दारात उभी राहून सगळं बघितलं असणार. नुसतं म्हणाली, "जाऊ द्या. तुम्हा दोघास कडथीन नही व्हवाव."

आमच्याच्यानं होणार नाही, म्हणजे कोणाच्यानं होणार, ते तिनं सांगितलं नाही.

१५ मे, गुरुवार

कालचं आज सकाळी लिहितोय. काल जेवणं आटोपेपर्यंत उशीर झाला.

कामावरून पाचच्या सुमाराला आलो. घरात पुरणाचा वास. आखाजी होऊन गेली, सण नाही, वार नाही, आणि खापर चुलीवर. मी हातपाय धुवायला निघालो तर मयुरीची आई म्हणाली, "आधी बाहेर जाऊन धाब्यावर बघा."

बघितलं तर छगनभाऊ धाब्याच्या काठावर बसलेला, पाय खाली सोडून. पावसाळ्याआधी धाब्याच्या भेगा बघायला तो दरवर्षी चढतो, म्हणून मला आधी काही वाटलं नाही. मी नेहमीसारखं आकाशाकडे बघायला मान वर केली, पण तिथे तोच होता. त्यानं देवळाच्या कळसाकडे तोंड फिरवलं.

मग लक्षात आलं की त्याच्या शिडीच्या जागी शिडी नाही.

वहिनी दारात उभ्या होत्या. हिच्याकडे बघून म्हणाल्या, पण आवाज मला ऐकू येईल एवढा, "काय सांगू बाई, शिडीची पायरी हलत होती, म्हणून झिपरूभाऊंकडून सुताराकडे पाठवली. हे वर आहेत हे मला काय ठाऊक?"

झिपरू समोरच्या ओट्यावर बिडी ओढत बसला होता. कौतिक सुतार त्याच्या शेजारीच बसला होता, म्हणजे सुतारकाम चालू नव्हतं. पण ते मला आत्ता लिहिताना आठवतंय.

मी माझ्या शिडीकडे बघितलं, तर ती सोडून अंगणात आडवी ठेवलेली. मी हिला शंभरदा सांगितलंय की बांधलेली सोडायची नाही. म्हणाली, भिंत झाडायची होती.

"कधीपासून बसलाय तो?"

"घडीभर व्हयनं. हाक मारत नहीत. कोनले मारतीन?"

मी काही बोलणार तेवढ्यात भाऊ हलला. तो उलटा वळला, काठावर पोट टेकलं आणि पाय खाली सोडायला लागला. हातांवर लोंबकळून उडी मारायचा विचार. पंचावन्न वर्षांचा माणूस, साखरेची गोळी चालू, खाली ओट्याचा दगड. मला एकदम ते एरंडोलकडचे बादलभाऊ दिसले, खाटेवर बसून चहा पुढे करणारे.

"भाऊ, थांब!"

माझ्याच तोंडून गेलं. एवढ्या वर्षांनी पहिला शब्द.

"हालू नको. वर सरक. बस तठेच."

तो थांबला. वर सरकला. बसला. बहुतेक माझ्या आवाजानंच दचकून. मी शिडी आणून उभी केली, पाय लावून, हात पसरून अंतर बघितलं. घाईतही बघितलं, याचं आज समाधान वाटतंय. शिडी काठावर टेकली. तो लगेच वळायला लागला.

"अजून नको. आधी बांध."

"काय बांधू?" भाऊचा आवाज. तोच जाडा आवाज.

"वरच्या पायरीले दोर शे. सरीले आवळ."

"तू धर ना खालून."

"मी धरीसन भागाव नही. वरून सरकस ती. बांध."

"पाहा, धाकला माले शिकाडी ऱ्हायना," भाऊ कोणालाच न उद्देशून बोलला. पण बांधला. भाऊची गाठ पक्की असते, गाडीचं ओझं आयुष्यभर त्यानंच बांधलंय.

"आता तोंड शिडीकडे. वरच्या पायऱ्या दोन्ही हातांनी धर. बाजूनं पाय टाक."

"पाय दिसत नही माले."

"दिसाव नहीच. मी सांगस. खाली... अजून खाली... थांब. डावीकडे जरा. हां. टेकला."

"टेकला?"

"टेकला. आता दुसरा."

असा तो आला. प्रत्येक पायरीला विचारायचा, टेकला का, आणि मी म्हणायचो टेकला. चप्पल वरच राहिली होती. शेवटून तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय पुन्हा हवेत शोधायला लागला. त्याची कंबर आता माझ्या खांद्याशी होती. मी एका हातानं शिडी दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं त्याचा पाय धरून पायरीवर ठेवला. टाच भेगाळलेली, मातीनं भरलेली. आणि काय झालं कोण जाणे, हात आपोआप माझ्या कपाळाला गेला. दिवाळीच्या पाडव्याला जातो तसा. मग भानावर आलो की शिडी धरायची आहे, आणि परत धरली.

भाऊनं बघितलं की नाही, ठाऊक नाही. त्याचं तोंड शिडीकडे होतं.

जमिनीवर उतरला आणि शिडीला हात लावूनच उभा राहिला. वर बघत म्हणाला, "लांब शे."

"हो."

"वर कितल्या पायऱ्या ऱ्हायन्यात?"

"तीन."

तो बराच वेळ त्या तीन पायऱ्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "कापू नको."

वहिनी तेवढ्यात आमच्या दारातून ताट घेऊन बाहेर आल्या. त्या आत कधी गेल्या ते मला कळलंच नाही. पाच माणसांची ताटं मांडलेली होती, झिपरूचंही. पुरणपोळी गरम होती आणि रसही काढून ठेवलेला. भाऊ जेवायला बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं काही नाही. रस गोड आहे म्हणालो, तो म्हणाला केशर आंबा नाही, गावरान आहे. झिपरू मधेच हसत सुटला. वहिनींनी त्याला डोळे वटारले.

हिला विचारायचं राहूनच गेलं की काल पुरण घालायचं कसं सुचलं. असेल काही नवस.

२५ मे, रविवार

पहिल्यांदाच दोघांनी मिळून धाब्यावर पांढरी माती टाकली. आजवर तो त्याच्या अर्ध्यावर टाकायचा, मी माझ्या, आणि मधली रेघ दरवर्षी दोघांच्या घरात गळायची. यंदा रेघ ठेवली नाही. माती घमेल्यातून डोक्यावर नेली नाही. बादली, दोर, वरून ओढली. भाऊ कुरकुरला की यानं दिवस जाईल. दिवस गेला. चांगला गेला.

त्याची शिडी कौतिकाकडेच आहे. कौतिक म्हणाला, दोन तुकडे जोडून देऊ का, पहिल्यासारखी? मी शीतल मॅडमना फोनवर विचारलं. जोडलेल्या शिडीवर जीव टाकू नका म्हणाल्या. भाऊला सांगितलं. त्यानं मान हलवली. म्हणाला, "जोडाले नको. नवी शे ना."

श्रावणातल्या कानबाईचं दोघांपैकी कोणी अजून काढलेलं नाही. काढू.

८ जून, रविवार

एक गंमत लिहून ठेवतो. एवढी शिडी आणली, एवढं शिकवलं, आणि आता मयुरीची आई वर जातच नाही. उडदाचे पापड अंगणात खाटेवर वाळतात. म्हटलं, धूळ बसत नाही का? तर म्हणाली, "बसस ते बसू दे. वर काय शे आते?" आणि किटली घेऊन समोरच्या दारानं वहिनींकडे गेली. बायकांच्या मनाचा ठाव लागत नाही.

आज सकाळी मीच वर गेलो, माती बसली की नाही बघायला. चांगली बसलीय. भेग नाही. आकाशात ढग होते पण हलके. दूर सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. थोडा वेळ तिथेच बसलो, हात जोडले. मागायचं काही सुचलं नाही.

मग वरच्या पायऱ्या धरल्या, तोंड शिडीकडे केलं आणि पाय खाली सोडला. पाय कुठे चाललाय ते दिसत नव्हतं. खाली ओट्यावर दोघी जावा तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि कशावर तरी हसत होत्या. एकेक पायरी उतरलो तसं ते हसणं जवळ येत गेलं. त्यावरूनच कळत होतं, जमीन आता किती राहिली.